नाला कोणाचा, परवानगी कोणाची?

धामणगाव बढेच्या बसथांब्यावर कुणालाही विचारा, शेतात जायला नाल्यावर दोन पाइप टाकायचे आहेत, परवानगी कुठून घ्यायची? एक म्हणेल ग्रामपंचायतीतून, दुसरा मोताळ्याला तहसीलमध्ये पाठवेल आणि तिसरा म्हणेल, "परवानगी कायले पाह्यजे? रविवारी जेसीबी लावून घ्या." ऐकले जाते बहुधा तिसऱ्याचेच. पाइप पडतात, वर मुरूम पडतो, ट्रॅक्टर सुरू होतो. मग जुलैत एका रात्री पाणी तुंबते, वरच्या शेतकऱ्याचे सोयाबीन दोन दिवस पाण्यात उभे राहते आणि मंडळ अधिकारी पंचनाम्याला येतात. त्या वेळी हातात एकही कागद नसतो.

पहिल्या दोघांचे म्हणणे थोडे थोडे बरोबर असते, कारण आपल्याकडे नाल्यातल्या कामासाठी एक अर्ज, एक खिडकी अशी सोय नाही. तळाची जमीन महसूल खात्याच्या हिशेबात, शेजारचा रस्ता बांधकाम खात्याचा, नाल्यावरचा बंधारा जलसंधारणाचा आणि गावठाणातली नाली ग्रामपंचायतीची. माणूस या दारातून त्या दारात फिरून कंटाळतो. पण हा घोळ बऱ्यापैकी सुटतो. त्यासाठी आधी नाला कोणाचा हे कागदावर ठरवायचे आणि मगच कोणाच्या दारात जायचे ते ठरवायचे. बहुतेक जण उलटे करतात.

उतार आधी पाहा

आपला पट्टा घाटाखालचा. बुलढाण्याहून राजूर घाट उतरून मोताळ्याकडे आलो की पाणीही आपल्याबरोबर उत्तरेकडेच निघते. ओघळातून नाल्यात, नाल्यातून नळगंगेसारख्या नदीत, तिथून पूर्णेत आणि शेवटी तापीत. डोंगर जवळ, उतार मोठा आणि खाली काळी भारी जमीन. वर्षाचा पाऊस सातशे-आठशे मिलिमीटरच्या आसपास, पण तो मोजक्या दिवसांत आणि कधी कधी मोजक्या तासांत पडून जातो. मार्चमध्ये ज्या ओघळातून बैलगाडी आरामात जाते, त्याच ओघळाला जुलैत कमरेइतके पाणी येते आणि दोन-तीन तासांत ओसरूनही जाते. काम काढणारा मार्चमधला नाला पाहून काम काढतो. २२ जुलै २०२३ रोजी संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत काय झाले ते जिल्ह्याने पाहिले आहे. पाण्याने नाल्याची हद्द मानली नाही आणि शेतेच्या शेते खरडून नेली. एरवीही पाण्याला वाट कमी पडली की ते शेजाऱ्याच्या धुऱ्यावरून जाते. परवानगीच्या कागदाला खरा अर्थ इथे येतो. सरकारला तुमच्या दोन पाइपांशी फारसे देणेघेणे नसते, पण शेजाऱ्याला असते.

म्हणून काम उन्हाळ्यात करायचे असले तरी तयारी पावसाळ्यात सुरू करा. मोठा पाऊस झाला की छत्री घेऊन नाल्यावर जा. पाणी कुठपर्यंत चढले ते पाहून काठच्या लिंबाच्या किंवा बाभळीच्या खोडावर रंगाची खूण करा आणि तारीख दिसेल असा फोटो काढा. पुढे अभियंता पाहणीला आला की ही खूण त्याला दाखवायची. त्याच्यासाठी ती तुमच्या तोंडी वर्णनापेक्षा कितीतरी मोलाची असते.

नाला कागदावर कसा दिसतो

सातबारा आणि गटाचा नकाशा ऑनलाइन मिळतो. तिथून सुरुवात करा, पण तिथे थांबू नका. गावाचा पूर्ण नकाशा मोताळ्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून घ्या, कारण वरून येणारा नाला तुमच्या गटाच्या आधी कुठल्या कुठल्या गटांतून येतो हे त्यावरच कळते.

नकाशा पाहिला की तीनपैकी एक गोष्ट दिसेल.

पहिली, नाला दोन गटांच्या मधून स्वतंत्र दुहेरी रेषेने दाखवलेला असतो आणि तो कुठल्याच सातबाऱ्यात येत नाही. असा नाला सरकारचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे नद्या, ओढे, नाले आणि तलाव यांचे तळ, तसेच त्यातले पाणी, दुसऱ्या कुणाचा हक्क सिद्ध होत नाही तोवर शासनाच्या मालकीचे असते. "माझ्या दोन्ही बाजूंना माझेच शेत आहे, मग मधला नाला माझाच" हा युक्तिवाद गावात नेहमी ऐकू येतो, पण कायद्यापुढे तो टिकत नाही.

दुसरी, नाला तुमच्याच गटाच्या आत असतो आणि सातबाऱ्यावर त्याचे क्षेत्र पोटखराबा म्हणून लिहिलेले असते. इथे वर्ग पाहा. वर्ग 'अ' म्हणजे खडक, खाचखळगे यांमुळे लागवडीला नालायक असलेली जमीन. ती मेहनतीने सुधारून लागवडीखाली आणता येते. वर्ग 'ब' म्हणजे सार्वजनिक उपयोगासाठी राखलेली जमीन, जसे रस्ता, पायवाट किंवा इतर लोकही ज्याचे पाणी वापरतात असा ओढा वा तळे. हा पोटखराबा बुजवून पेरता येत नाही. आपल्या नावावरच्या सातबाऱ्यात तो असला तरीही नाही. बरेच जण ही एका अक्षराची नोंद न वाचताच नाला सपाट करतात आणि मग दंडाची नोटीस आली की आश्चर्य करतात.

तिसरी, नकाशावर काहीच नसते, पण पावसाळ्यात पाणी तिथूनच वाहते. आपण ज्याला लवण म्हणतो ते हे. जमीन तुमची, त्यामुळे तळासाठी सरकारची परवानगी लागत नाही. पण पाणी अडवायचा हक्क त्याने मिळत नाही. त्याबद्दल पुढे येईलच.

नाला जागेवरून सरकलेला असेल तर प्रकरण थोडे किचकट होते. पन्नास-साठ वर्षांत पुरांनी पात्र बदलते. नकाशावर नाला एकीकडे असतो आणि पाणी दुसरीकडून जात असते. अशा वेळी अंदाजाने काम करू नका. ई-मोजणीत अर्ज करून हद्द कायम मोजणी करून घ्या आणि मोजणी नकाशाची 'क' प्रत हातात ठेवा. शासनाच्या मालकीबद्दलच वाद असेल तर कलम २० खाली रीतसर चौकशी होते. तो निर्णय मान्य नसेल तर दिवाणी दाव्यासाठी एका वर्षाची मुदत असते. ती चुकवू नका.

आपल्या वऱ्हाडात आणखी दोन गोष्टी पाहून ठेवाव्यात. एक, नाल्याच्या काठाला ई-क्लास, म्हणजे गावाच्या सामाईक वापराची सरकारी जमीन आहे का? असेल तर पाइपाचे तोंड, मुरमाचा भराव किंवा जेसीबीचा रस्ता त्या जमिनीत जाणार नाही याची काळजी घ्या, नाही तर नाल्याच्या अर्जाबरोबर अतिक्रमणाचीही फाइल उघडेल. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या जगपालसिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवण्याचे आदेश दिल्यापासून महसूल खाते या बाबतीत ढिलाई दाखवायला कचरते. दुसरे, विदर्भातल्या गावांसाठी महसूल संहितेत निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांची तरतूद आहे. गुरांना पाणी कुठे पाजायचे, ओलिताचा किंवा वाटेचा जुना हक्क कोणाचा अशा नोंदी त्यांत असतात. तुमच्या नाल्यावर गुरांचे पाणवठे असतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात त्या नोंदीची नक्कल मागा. अर्जाला आक्षेप येण्याआधीच आक्षेप काय येईल हे त्यावरून कळते.

कोणत्या कामाला कोणते दार

शेतात जायला सरकारी नाल्यावर मोरी किंवा रपटा बांधायचा असेल तर अर्ज तहसीलदारांकडे करायचा. जमीन शासनाची असल्याने अंतिम अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा असतो आणि प्रकरण तहसीलमार्फत वर जाते. तहसीलदार ग्राम महसूल अधिकाऱ्याचा (म्हणजे कालपर्यंतच्या तलाठ्याचा) स्थळ पाहणी अहवाल मागवतात आणि जलसंधारण किंवा बांधकामच्या अभियंत्याचा तांत्रिक अभिप्राय घेतात. ग्रामपंचायतीचा ठराव कायद्याने निर्णायक नसला तरी जोडलेला बरा, कारण तो नसला की फाइल हमखास परत येते.

मात्र स्वतःच्या खर्चाने पाइप आणण्याआधी एक चौकशी करा. ती वाट तुमची एकट्याची आहे की पांदण? पांदण रस्ता असेल तर ग्रामपंचायत तो मातोश्री ग्राम समृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनेत किंवा रोजगार हमीच्या कामांत घेऊ शकते आणि त्यात मोऱ्यांचीही सोय होते. पाच-सहा शेतकऱ्यांनी मिळून ग्रामसभेत मागणी केली तर परवानगी, आराखडा आणि खर्च या तिन्हींचा भार यंत्रणेकडे जातो. वेळ जास्त लागतो, हे खरे.

डांबरी रस्त्याच्या कडेची चारी ओलांडून शेतात, पेट्रोल पंपावर किंवा गोडाऊनला रस्ता काढायचा असेल तर ती चारी रस्त्याचाच भाग असते, म्हणून रस्ता कोणाचा हे पाहा. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे आणि राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या यंत्रणेकडे. ठेकेदाराच्या मुकादमाने "टाका, काही होत नाही" म्हटले म्हणजे परवानगी झाली नाही. रस्त्याखालून आडवी पाइपलाइन न्यायची असेल तरी याच कार्यालयात अर्ज करायचा. रस्ता पूर्ववत करण्यासाठी अनामत भरावी लागते. ती परत मागायला विसरू नका.

दुसऱ्याच्या शेतातून ओलितासाठी पाट किंवा पाइपलाइन न्यायची आणि तो नाही म्हणतो, तर महसूल संहितेच्या कलम ४९ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. या कलमाचा उपयोग फार कमी लोक करतात. भांडण जुने झाल्यावर त्याची आठवण होते.

गावठाणात घर बांधायला ग्रामपंचायतीची परवानगी लागते (ग्रामपंचायत अधिनियम, १९५८, कलम ५२). गावठाणाबाहेर प्लॉट पाडताना नगर रचना कार्यालयाचा संबंध येतो. राज्यात २०२० साली एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. नदी आणि नाल्यापासून बांधकामाचे किमान अंतर किती ठेवायचे ते अशा नियमांत सांगितलेले असते. तुमच्या गटाला कोणता नियम लागू आहे आणि किती मीटर सोडायचे हे प्लॉट घेण्याआधी लेखी विचारून घ्या. अकृषिक परवानगीचे नियम गेल्या काही वर्षांत सैल होत गेले आहेत आणि दलाल "एनए आहे, काळजी नाही" असे छातीठोकपणे सांगतात. पण एनए झाल्याने नाल्याचा तळ प्लॉटमध्ये येत नाही. त्याच नियमावलीप्रमाणे स्पष्ट काठ नसलेले छोटे ओघळ प्रशासनाने ठरवून दिलेल्या आखणीने वळवता येतात. त्यातली अट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. पाणी तुमच्या जागेत जिथून शिरते आणि जिथून बाहेर पडते ती दोन्ही ठिकाणे बदलायची नाहीत. हा नियम शहरी प्लॉटसाठी लिहिलेला असला तरी शेतातही तो पाळलात तर निम्मी भांडणे उद्भवणारच नाहीत.

मोठ्या नदीकाठी जलसंपदा विभागाच्या पूररेषा पाहाव्या लागतात. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळीच्या आत बांधकामाला मनाई, निळी आणि लालच्या मध्ये नियंत्रण. छोट्या नाल्यांवर अशा रेषा सहसा आखलेल्या नसतात. म्हणूनच वर सांगितलेली खोडावरची खूण.

नाला वनहद्दीतून येत असेल किंवा ज्ञानगंगा अभयारण्याच्या बाजूचा असेल तर वनखात्याला विचारल्याशिवाय एक दगडही हलवू नका. तिथे १९८० चा वन संवर्धन कायदा लागू होतो आणि तो तहसीलच्या परवानगीला जुमानत नाही.

बंधारा, खोलीकरण आणि मुरूम

पाणी अडवण्याच्या कामांत उत्साह जास्त आणि कागद कमी, असे आपल्याकडे झाले आहे. बंधारा कितीही छोटा असला तरी तो सिंचन क्षमतेप्रमाणे कुठल्या तरी यंत्रणेकडे जातो. १०० हेक्टरपर्यंत जिल्हा परिषद, त्यापुढे ६०० हेक्टरपर्यंत मृद व जलसंधारण विभाग आणि त्याहून मोठे जलसंपदाकडे. स्वतःच्या पैशाने, लोकवर्गणीने किंवा एखाद्या संस्थेच्या मदतीने सिमेंट नाला बांध घालायचा असला तरी त्यांच्याकडून जागा आणि आराखडा मंजूर करून घ्यावा लागतो. बांधाची उंची दीड हात वाढली तर वरच्या कुणाच्या शेतात पाणी साचेल, हे डोळ्यांनी कळत नाही. ते लेव्हल लावल्यावरच कळते.

आपल्याच तालुक्यातल्या सिंदखेडने २०१८ च्या वॉटर कप स्पर्धेत राज्यात विभागून दुसरा क्रमांक मिळवला. जलसंधारणाच्या अशा कामांतून शिकण्यासारखा मुख्य धडा क्रमाचा आहे. आधी डोंगरउतारावरचे चर आणि बांध, नंतर खालचा नाला. माथा सोडून पायथ्याला बांध घातला तर पहिल्याच पावसात तो गाळाने भरतो किंवा बाजूने फुटतो.

खोलीकरणाबद्दल माझे मत थोडे कडू आहे. जलयुक्त शिवारच्या काळात जिल्ह्यात पुष्कळ चांगली कामे झाली, पण मोजमाप न करता पोकलेनने नाले खरडले गेल्याच्या तक्रारीही राज्यभर झाल्या. या अभियानाच्या शास्त्रीय बाजूवर ज्येष्ठ अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा यांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि माजी मुख्य सचिव जॉनी जोसेफ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. काठ उभे कापलेला, तळ फोडलेला नाला पावसाळ्यात काठच्या शेताचा लचका तोडतो. खोलीकरणाला परवानगी घेताना लांबी, रुंदी, खोली आणि काठाचा उतार हे चारही आकडे आदेशात येतील असे पाहा. "नाला खोलीकरणास हरकत नाही" एवढे एकच वाक्य लिहिलेला कागद पुढे कुणाच्याच कामी येत नाही.

खोलीकरणातून निघालेल्या मुरमाचा प्रश्न वेगळाच. काम करायची परवानगी आणि माल उचलायची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महामार्गाच्या भरावासाठी नाले आणि तलावांतली माती-मुरूम घ्यायचा, म्हणजे रस्ता होतो आणि पाण्याचा साठाही वाढतो, हा 'बुलढाणा पॅटर्न' देशभर गाजला. ते सरकारी परवानगीने आणि मोजून झाले. तुमच्या नाल्यातला मुरूम ट्रॉलीत भरून घराच्या पायात टाकलात तर ते गौण खनिज होते. कलम ४८(७) खाली त्याच्या बाजारभावाच्या पाच पटीपर्यंत दंड बसू शकतो आणि ट्रॅक्टर जप्त होतो तो वेगळाच. रेतीच्या बाबतीत तर विचारायलाच नको. धरण-तलावातला गाळ शेतात टाकण्यासाठी 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आहे, त्यात रीतसर नोंद करून घ्या.

पाइप किती टाकायचे

हा मुद्दा थोडा सविस्तर सांगतो, कारण अर्ज बहुधा इथे अडतात आणि मोऱ्याही इथेच फुटतात.

नाल्याच्या वर किती एकरांचे पाणी येते ते आधी काढा. पाणलोटाचा नकाशा जलसंधारणच्या कार्यालयात पाहता येतो. समजा ते क्षेत्र शंभर एकर, म्हणजे साधारण ४० हेक्टर आहे. जोराचा पाऊस तासाला ६० मिलिमीटरच्या वेगाने पडतोय आणि पडलेल्यापैकी ४० टक्के पाणी वाहून येते असे धरू. हेक्टरला पावसाच्या वेगाने गुणा, वाहून येणाऱ्या हिश्शाने म्हणजे ०.४ ने गुणा आणि ३६० ने भागा. ४० गुणिले ६० गुणिले ०.४ भागिले ३६० म्हणजे सुमारे २.७. म्हणजे दर सेकंदाला २.७ घनमीटर, २,७०० लिटर पाणी मोरीवर येणार.

आता पाइप. ६०० मिलिमीटर व्यासाच्या पाइपाचे तोंड ०.२८ चौरस मीटर. पाणी सेकंदाला दोन मीटर वेगाने गेले तर त्यातून ०.५७ घनमीटर जाईल. गावात एकट्या माणसाने टाकलेल्या मोरीत सहसा असा एक पाइप असतो, फार तर दोन. गरज मात्र जवळपास पाच पाइपांची आहे. ९०० मिलिमीटरच्या पाइपातून सुमारे १.२७ घनमीटर जाते. असे दोन थोडे कमी पडतात, तीन पुरतात. हा हिशेब अंदाजाचा आहे, अंतिम आकडा अभियंत्याचाच. पण तो घेऊन गेलात तर समोरचा माणूस तुमच्याशी वेगळ्या सुरात बोलतो.

आणखी एक. कागदावर तीन पाइप पुरतात ते रिकामे असले तर. कपाशी उपटल्यावर पऱ्हाट्या धुऱ्यावर टाकायची आपली सवय, सोयाबीनचे कुटार आणि वरून वाहत येणारी काटेरी झुडपे, यांमुळे पहिल्या पुरात पाइपांची तोंडे गच्च होतात. जिथे वर्दळ दिवसाला दोन-चार ट्रॅक्टरांची आहे तिथे पाइपांपेक्षा सखल काँक्रीटचा रपटा बरा. पूर आला की पाणी वरून जाते, दोन-तीन तास वाट बंद राहते, पण तुंबत नाही. जोराच्या पुरात रपटा ओलांडायचा नाही एवढी शिस्त हवी.

अर्जात काय लिहायचे

अर्ज एका पानाचा असावा. मजकूर साधारण असा :

"मौजे धामणगाव बढे येथील गट क्र. ___ मध्ये जाण्यासाठी गट क्र. ___ व ___ यांच्यामधील शासकीय नाल्यावर मोरी बांधावयाची आहे. मोरीची लांबी ___ मीटर, पाइप ___ नग, व्यास ___ मि.मी. राहील. पाइपांचा तळ नाल्याच्या सध्याच्या तळाच्या पातळीस ठेवण्यात येईल. पाणी येण्याचे व जाण्याचे ठिकाण बदलणार नाही. नाल्यातील माती, मुरूम अथवा रेती वाहून नेली जाणार नाही. मोरीची साफसफाई दरवर्षी मे अखेरपर्यंत मी स्वखर्चाने करीन. लगतच्या व वरील बाजूच्या खातेदारांची संमती सोबत जोडली आहे. तरी स्थळ पाहणी करून परवानगी मिळावी."

सोबत सातबारा, गटाचा आणि गावाचा नकाशा, मोजणी झाली असल्यास 'क' प्रत, आडवा छेद दाखवणारे रेखाचित्र, पुराच्या खुणेचा फोटो, ग्रामपंचायतीचा ठराव आणि संमतीपत्रे जोडा. 'पाणी येण्याचे व जाण्याचे ठिकाण बदलणार नाही' हे वाक्य गाळू नका. पुढे कुणी तक्रार केली तर चौकशी त्याच वाक्याभोवती फिरते. अर्ज आवक नोंदणीत द्या आणि पोच घ्या. दिवाळीनंतर लगेच अर्ज केलात तर जानेवारी-फेब्रुवारीत पाहणी होऊन मे महिन्याआधी काम उरकण्याची आशा धरता येते. मार्चअखेरीस नेलेला अर्ज निधी खर्च करण्याच्या गडबडीत टेबलावरच पडून राहतो.

वरचा शेजारी आणि खालचा शेजारी

संमती बांधाला लागून असलेल्यांचीच नको, वरच्या बाजूच्याही दोन-तीन खातेदारांची घ्या. पाणी तुंबले तर ते त्यांच्याकडेच चढणार. खालच्या बाजूला वेगळी भीती असते. पाइपातून पाणी जोरात सुटते आणि तोंडाशी खड्डा पाडत काठ कापत नेते. पाइपाच्या खालच्या तोंडाला दगडाचे अस्तर द्या, खर्च फार येत नाही.

लवणाच्या बाबतीत, म्हणजे नकाशावर नसलेल्या वाटेच्या बाबतीतही, कायदा पाण्याच्या बाजूने आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार वरच्या जमिनीवर नैसर्गिकरीत्या पडणारे पाणी खालच्या जमिनीवर नैसर्गिकरीत्या वाहू दिले पाहिजे. खालच्याने धुरा उंच करून ते परत लावायचे नाही. वरच्यानेही चर खोदून सगळे पाणी एका जागी आणून खालच्याच्या पिकावर सोडायचे नाही, कारण ते नैसर्गिक राहत नाही. आपल्याकडची निम्मी भांडणे या दोन वाक्यांतली आहेत.

कुणी असा अडथळा केलाच तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो. शेतीच्या, चराईच्या किंवा झाडांच्या जमिनीवरून नैसर्गिकरीत्या वाहणाऱ्या पाण्याला बेकायदा अडथळा केला आणि त्याने नुकसान झाले किंवा होण्याची शक्यता असली तर तहसीलदार तो काढायला लावू शकतात. मुदत सहा महिन्यांची आहे, अडथळा झाल्यापासून. जुलैत शेत बुडाले आणि "पाहू पुढे, गावातलाच माणूस आहे" करत फेब्रुवारी उजाडला तर हा रस्ता बंद होतो. निकाल मान्य नसेल तर पुनरीक्षणासाठी वर जाता येते. सार्वजनिक वापराचा प्रवाह अडवला असेल तर कार्यकारी दंडाधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली अडथळा दूर करण्याचा आदेश काढू शकतात. सरकारी नाल्यावरचे अतिक्रमण महसूल संहितेच्या कलम ५० खाली हटवले जाते.

तुम्हीच परवानगी न घेता काम करून बसला असाल तर तक्रार येण्याची वाट पाहू नका. पाइप मोजून घ्या, अभियंत्याला दाखवा. कमी पडत असतील तर स्वतःहून वाढवा आणि मग अर्ज करा. त्या अर्जात झालेले काम लपवू नका. पाहणीत ते दिसतेच.

अर्ज अडकला तर महिनाभराने लेखी स्मरणपत्र द्या. त्यानंतर माहितीच्या अधिकारात "माझ्या अर्जावर आजवर काय कार्यवाही झाली, फाइल कुणाकडे किती दिवस होती" एवढेच विचारा. उत्तराची मुदत ३० दिवसांची असते आणि बऱ्याचदा उत्तराआधी फाइलच हलते. तरीही काही झाले नाही तर तालुक्याचा लोकशाही दिन दर महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी आणि जिल्ह्याचा पहिल्या सोमवारी असतो. जिल्ह्याच्या लोकशाही दिनासाठी अर्ज पंधरा दिवस आधी, तालुक्यातल्या टोकनच्या प्रतीसह द्यावा लागतो. आदेश हातात आला की काम सुरू होण्याआधीचा, चालू असतानाचा आणि संपल्यावरचा असे तीन फोटो काढून त्याच फाइलला लावा आणि आदेशाची एक प्रत वरच्या शेजाऱ्याला नेऊन द्या.